लग्नाच्या दिवसाचा न्याय

रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर आमच्या चाळीसगावीं घरोघर दूरचित्रवाणीवरील मालिका सुरू होतात, आणि त्यांत विवाहसोहळ्यांस तोटा नसतो. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका 2016 पासून 2021 पर्यंत चालली. तिची नायिका राधिका परस्त्रीच्या नादीं लागलेल्या पतीपासून घटस्फोट घेऊन पुढें सौमित्राशीं विवाह करते. हीच राधिका कॅथॉलिक असती, तर तिला चर्चमध्यें दुसरा विवाह करतां आला असता काय? या साध्या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेलें असतां साडेचारशें वर्षांचा इतिहास चाळावा लागतो.

कॅथॉलिक धर्मशास्त्राप्रमाणें दोन बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तींचा पूर्णत्वास गेलेला विवाह मृत्यूवांचून कशानेंही मोडत नाहीं. पतीचा व्यभिचार कितीही उघड असला तरी पत्नी त्यामुळें पुनर्विवाहास मोकळी होत नाहीं. धर्मपीठाचें न्यायासन निराळाच प्रश्न विचारतें: लग्नाच्या दिवशीं दोघांची संमति खरी होती काय? ती धाकानें वा फसवणुकीनें घेतलेली असेल, विवाहाचा अर्थ जाणण्याइतकी विवेकबुद्धि नसेल, किंवा तोंडानें शपथ घेतांना मनांत एकनिष्ठेस वा संततीस ठाम नकार असेल, तर तो विवाह मुळीं झालाच नव्हता असा निर्णय दिला जातो. एका तरी पक्षानें तो सद्भावनेनें केला असल्यास संतति मात्र औरसच मानली जाते. तेव्हां राधिकेच्या पतीचें पुढील वर्तन हें कारण नव्हे. लग्नाच्या वेळच्या त्याच्या मनाचा तो फार तर एक पुरावा होय.

संमतीवरचा हा भर जुना आहे. एके काळीं दोघांनीं एकांतांत दिलेल्या वचनानेंही विवाह सिद्ध होई. मग एकजण तें वचन नाकबूल करी आणि दुसऱ्याची दैना होई. म्हणून ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें 1563 मध्यें धर्मगुरु व साक्षीदार यांची उपस्थिति आवश्यक ठरविली. हिंदु कायद्याची कसोटी याहून वेगळी. महाराष्ट्रांतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या 1965 च्या एका खटल्यांत दुसऱ्या विवाहास उभयतांची संमति होती, परंतु होम व सप्तपदी झाली नव्हती. तेवढ्यावर तो विवाहच ठरला नाहीं, आणि पति द्विविवाहाच्या शिक्षेंतून सुटला.

ख्रिस्ती स्त्रीचें दैव मात्र ती कोठें राहते यावर अवलंबून राहिलें. गोव्यांत पोर्तुगीज राजवटीनें 1910 मध्यें घटस्फोटाचा कायदा केला. परंतु पोपशीं 1940 मध्यें झालेला करार 1946 च्या हुकमानें तेथें लागू झाला, आणि चर्चमध्यें विवाह करणाऱ्यानें मुलकी घटस्फोटाचा हक्क सोडला असें मानलें जाऊं लागलें. उलट धर्मपीठानें शून्य ठरविलेला विवाह उच्च न्यायालयामार्फत कायद्यानेंही शून्य ठरे. 1961 च्या मुक्तीनंतरही ती व्यवस्था पुढें चालू राहिली. इकडे खानदेशांत 1869 चा कायदा. त्याप्रमाणें पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणें पुरे होई. पत्नीला मात्र बहुधा व्यभिचाराबरोबर क्रौर्य वा परित्यागही दाखवावा लागे. ही विषमता मुंबई उच्च न्यायालयानें 1997 मध्यें अमान्य केली आणि संसदेनें 2001 मध्यें कायदाच बदलला. तथापि धर्मपीठाच्या निर्णयानें कायदेशीर विवाह संपत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें 1996 मध्यें सांगितलेंच होतें. म्हणजे आमच्या राधिकेस दोन उंबरठे ओलांडणें प्राप्त आहे: एक न्यायालयाचा, दुसरा धर्मपीठाचा.

पोप फ्रान्सिस यांनीं 2015 मध्यें दोन न्यायासनांच्या एकमताची जुनी अट काढून टाकली, त्यामुळें दुसरा उंबरठा कांहींसा उतरला. तरी एक शल्य राहतें. घटस्फोट म्हणतो, संसार होता, तो मोडला. धर्मपीठ म्हणतें, विवाहच नव्हता. ज्या बाईनें वीस वर्षें त्या घराची चूल पेटविली, तिला हें दुसरें वाक्य ऐकणें सोपें नाहीं. परंतु त्या न्यायासनाचा मूळ प्रश्न आम्हांस मोलाचा वाटतो. आमच्याकडे मुहूर्त, मांडव, मानपान यांची चर्चा महिनेच्या महिने चालते; वधूच्या मनाची चौकशी क्वचितच होते. जी चौकशी धर्मपीठ संसार उधळल्यावर करतें, ती अंतरपाट धरण्यापूर्वीं घरांतल्या माणसांनींच केली, तर पुढचें पुष्कळ दुःख टळेल.