आवाजाच्या चढउताराची कहाणी

राजांचा इतिहास लिहिला जातो, लढायांचा लिहिला जातो, अलीकडे खाद्यपदार्थांचाही लिहिला जातो. पण घरातल्या गाण्याचा आवाज किती मोठा असावा हे कोणी आणि कसे ठरवत आले, याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक या प्रश्नावरून मराठी घरांत जितक्या कुरबुरी झाल्या असतील, तितक्या दिवाळीच्या खरेदीवरूनही झाल्या नसतील. ‘‘अहो, तो आवाज जरा कमी करा,’’ हे वाक्य तीन पिढ्यांनी तरी ऐकलेले आहे. फोनो गेला, रेडिओ मागे पडला, कॅसेटी माळ्यावर गेल्या. वाक्य मात्र जागच्या जागी आहे.

आता घराघरांत बिनतारी स्पीकर आले आहेत. पेरूएवढा एक डबा फडताळावर असतो, गाणे खिशातल्या मोबाइलवरून निघते आणि हवेतून डब्यात जाऊन वाजते. सोय मोठी, पण तिच्यात एक खोच आहे. एक गाणे कुजबुजते म्हणून आवाज चढवावा, तो पुढचे गाणे अंगावर धावून येते. माझे घर नांदेडला, लेकीचे लातूरला. दोन्ही घरांत स्पीकर निराळे, मोबाइल निराळे, पण तक्रार एकच. हा दोष नव्या यंत्राचा की जुन्याच कुळातला, असे कुतूहल वाटले आणि मी त्याच्या मागे लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिला मुक्काम फोनोचा. १९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेझबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करू लागला आणि गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला. त्या काळी विजेचा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचे, त्या हवेच्या रेट्यानेच सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. ज्याचा आवाज बुलंद त्याची तबकडी ठसठशीत. ज्याचा आवाज नाजूक तो कर्ण्यापर्यंत पोहोचता पोहोचता निम्मा व्हायचा. म्हणजे दोन गाण्यांच्या आवाजातली तफावत ही ध्वनिमुद्रणाच्या जन्माबरोबरच जन्मली.

आणि घरी ऐकताना? फोनोला आवाज कमी-जास्त करण्याचे बटणच नव्हते. चावी द्यायची, सुई ठेवायची आणि जो आवाज येईल तो गोड मानायचा. उपाय होता तो सुईचा. बारीक सुई लावली की आवाज मऊ, जाड लावली की मोठा. काही शौकीन बांबूच्या तंतूची सुई वापरीत; तबकडी कमी झिजे आणि आवाजही हळुवार येई. ज्यांच्याकडे एवढा सरंजाम नव्हता ते कर्ण्यात सरळ फडके कोंबीत. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या रुळांवरून नांदेडला आणि बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून लातूरला ज्या पेट्या उतरल्या असतील, त्यांत तबकड्यांबरोबर सुयांच्या डब्याही असणारच.

१९२५ साली विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि चित्र पालटले. आता गायकाला ओरडण्याची गरज उरली नाही. कुजबुजले तरी मायक्रोफोन टिपू लागला. अब्दुल करीम खाँसाहेबांचा तो पाण्यासारखा आवाज आपल्याला आज ऐकता येतो, त्यात या वीजयुगाचा वाटा मोठा आहे. पण जुनी क्षीण तबकडी आणि नवी भरदार तबकडी एकापाठोपाठ लावली की ऐकणारा दचके. तक्रारीने दुसरा अवतार घेतला होता.

त्यानंतर रेडिओ आला. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादला १९३०च्या दशकात नभोवाणी सुरू झाली आणि १९३५ साली ती सरकारने ताब्यात घेतली. कारभार मुख्यतः उर्दूत चाले. माझे वडील सांगत की १९४८च्या त्या धामधुमीच्या महिन्यांत आवाजाचे बटण ही चैनीची नव्हे, जिवाची गोष्ट होती. रझाकारांचे दिवस, दिल्लीच्या बातम्या ऐकायच्या तर दारे लोटून, बटण अगदी खाली आणून, चार जणांनी डोकी रेडिओला टेकवून ऐकायच्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने हैदराबाद रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर केली. त्या संध्याकाळी, वडील म्हणत, आमच्या वाड्यातले बटण पहिल्यांदा पुरते फिरले. आवाज किती ठेवायचा हे ज्याचे त्याला ठरवता येणे, हाही स्वातंत्र्याचा एक लहानसा भाग असतो, हे मला या हकिकतीने शिकवले.

रेडिओतही तफावतीचा रोग होताच. जवळचे केंद्र घणघणे, दूरचे कण्हत कण्हत येई. १९५२ पासून बुधवारी रात्री सिलोनवरची गीतमाला ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे की अमीन सायानींचा आवाज लाटेसारखा जवळ येई आणि दूर जाई. पण त्या लाटा याहून कितीतरी उंच उसळल्या असत्या. त्या आवरल्या हॅरल्ड व्हीलर नावाच्या एका अमेरिकन तरुणाने. १९२५च्या अखेरीस त्याने अशी योजना शोधली की लहर जोरात आली तर रेडिओ आपण होऊन कान आखडता घेई आणि मंद आली तर टवकारी. केंद्राकेंद्रांतला आवाजाचा फरक यंत्रानेच मिटवावा, ही कल्पना म्हणजे आज मोबाइलमध्ये जे चालले आहे त्याची आजीच म्हणावी लागेल.

येथे जरा थांबून आवाज मोजतात कसा, ते पाहिले पाहिजे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९२०च्या दशकात एक माप काढले आणि टेलिफोनच्या जनकाचे नाव त्याला दिले: डेसिबल. हे माप किलो-मीटरसारखे सरळ चढत नाही, पायऱ्यांनी चढते. आमच्या भागातल्या वाचकांना हे समजवायला दूर जायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाचे ढोल थांबून काही तासच झाले असताना, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीची भूमी हादरली आणि हजारो माणसे गेली. त्यानंतर लातूर-उस्मानाबादकडे शाळकरी पोरालाही कळू लागले की सहाचा भूकंप पाचापेक्षा ‘एकाने’ मोठा नसतो. जमिनीची हालचाल दसपट असते. डेसिबलचेही तसेच. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दसपट होते. मात्र आपल्या कानाला ती दसपट वाटत नाही, दुप्पटच्या आसपास वाटते. यंत्र एक मोजते, कान दुसरेच मोजतो. सगळ्या घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

१९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघा शास्त्रज्ञांनी त्याहून मजेची गोष्ट दाखवली. आवाज हळू केला की सगळे सूर सारखे हळू होत नाहीत; खालचे, खर्जातले सूर आधी नाहीसे होतात. म्हणून रात्री मुले झोपल्यावर हळू लावलेल्या गाण्यात डग्गा हरवतो आणि नुसती चाटीची टिकटिक उरते. गाणे तेच, कान तोच. पण बटण फिरले की मैफलच बदलते.

कॅसेटीबद्दल फार लिहीत नाही. फिलिप्सने ती १९६३ साली आणली आणि १९८०च्या दशकात ती खेडोपाडी पोहोचली. नकलेवरून नक्कल काढलेल्या कॅसेटींत गाण्यापेक्षा खरखरच मोठी असे, हे ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको. खरे युद्ध पेटले ते १९८२ साली आलेल्या चकचकीत सीडीनंतर.

सीडीत आवाजाला एक छत आहे. त्याच्या वर एक केसभरही जाता येत नाही. मग दुसऱ्यापेक्षा मोठे वाजायचे कसे? तर गाण्यातले हळू भाग उचलून छताजवळ आणायचे आणि उंच शिखरे दाबून टाकायची. सगळे गाणे एकाच मोठ्या पातळीवर ठोकून बसवायचे. हे समजायला आमची माळेगावची यात्रा पुरेशी आहे. लोहा तालुक्यातल्या त्या खंडोबाच्या जत्रेत शेजारशेजारच्या दोन राहुट्यांचे भोंगे एकमेकांशी स्पर्धा करू लागले की काय होते? एक चढवतो, दुसरा त्याहून चढवतो, आणि शेवटी लावणीतला शब्द कोणालाच कळत नाही. जगभरच्या ध्वनिमुद्रकांनी १९९०पासून पुढे वीस वर्षे हेच केले. २००८ साली मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या संचावर तर त्यांचे चाहतेच नाराज झाले, कारण तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये अधिक मोकळी ऐकू येत होती.

यावर उतारा शोधणारेही निघाले. २००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी एक पद्धत सुचवली: गाणे आधी पुरते तपासायचे, माणसाच्या कानाला ते सरासरीने किती मोठे वाटेल ते मोजायचे, आणि वाजवताना तेवढे कमी-जास्त करायचे. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने या मोजमापाचे प्रमाण ठरवले. २०१० साली युरोपातल्या प्रसारण संघाने आपली पातळी निश्चित केली. त्याच वर्षी अमेरिकेने, दूरचित्रवाणीवरील जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्याने ओरडू नयेत, असा कायदाच केला. आपल्याकडेही केबल दूरचित्रवाणीच्या १९९४च्या नियमांत जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असे म्हटले आहे. नियम आहे, कानांनी मात्र त्याची फारशी ओळख करून घेतलेली दिसत नाही.

मोबाइलवरून गाणी पुरवणाऱ्या कंपन्यांनी हीच युक्ती उचलली. स्पॉटिफायने उणे चौदा ही पातळी धरली, ॲपलने उणे सोळा. आकड्यांचे शास्त्र बाजूला ठेवू. अर्थ एवढाच की दोन दुकानांची मापे निराळी आहेत. म्हणून एका ॲपवरून दुसऱ्यावर गेले की तेच गाणे हळू किंवा मोठे वाटते.

मग फडताळावरच्या डब्याचे काय? येथे एका घरात दोन कारभारी होतात. ब्लूटूथच्या स्पीकरला स्वतःचे बटण असते आणि मोबाइललाही असते. काही जोड्यांत ही दोन्ही बटणे एकमेकांशी बांधलेली असतात. एक फिरवले की दुसरे फिरते. काहींत ती सुटी असतात. मोबाइल निम्म्यावर आणि स्पीकरही निम्म्यावर असला की गाणे तोंडात मिठाई धरून बोलणाऱ्या पाहुण्यासारखे येते. वायफायच्या स्पीकरची तऱ्हा आणखी वेगळी. मोबाइल त्याला फक्त पत्ता सांगतो. गाणे तो स्वतःच जाऊन आणतो. मग सारखेपणा करणारा हिशेब जर मोबाइलमधल्या ॲपात असेल, तर तो मागेच राहतो आणि गाणी आपापल्या मूळ उंचीने वाजतात. लातूरला लेकीच्या घरी जे घडत होते त्याचे कारण हेच निघाले.

एवढ्या लहान गोष्टीचे इतके काय, असे कोणी म्हणेल. मला दोन कारणे दिसतात. पहिले कानांचे. लातूरला राज्यभरातून मुले शिकायला येतात. खोल्याखोल्यांतून रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. कायदा २०००पासून सांगतो की वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या आत राहा, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक नको. भिंतीपलीकडे कोणाची तरी परीक्षा असते, हे बटणाला कळत नाही. ते आपल्यालाच कळावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ठीक. त्यापुढे प्रत्येक चढत्या पायरीला मुदत झपाट्याने घटते. गेलेले कान परत येत नाहीत.

दुसरे कारण गाण्याचे. पहाटे नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनात एक क्षण असा येतो की वाद्ये थांबतात आणि एकच आवाज हळू उरतो. ख्यालाच्या आलापीत गायक मंद्रात उतरतो आणि श्रोते श्वास धरतात. हा हळूपणा म्हणजे दोष नव्हे, तोच अर्थ आहे. यंत्राने गाण्यागाण्यांतला फरक मिटवावा. पण एका गाण्याच्या पोटातला चढउतार मिटवू नये. सगळेच मोठे झाले की मोठे काहीच उरत नाही.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या वेळी सनई लावाल तेव्हा एवढे करा. स्पीकरचे स्वतःचे बटण बऱ्यापैकी वर नेऊन ठेवा आणि कमी-जास्त मोबाइलवरून करा. ॲपमध्ये आवाज समान ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करा. आणि संपूर्ण मैफल ऐकायची असेल तेव्हा ती बंद ठेवा, म्हणजे आलापी आलापीच राहील. डबा खोलीच्या कोपऱ्यात कोंबू नका, तेथे खर्ज फुगतो. आणि घरातल्या आजीला विचारून मगच पातळी ठरवा. वयाबरोबर वरचे सूर कानांतून आधी निसटतात. तिला शब्द ऐकू यावेत यासाठी कधी आवाज वाढवण्यापेक्षा स्पीकर तिच्या खुर्चीजवळ सरकवणे अधिक उपयोगी पडते. सुईच्या डबीपासून आजच्या डब्यापर्यंत यंत्रे पुष्कळ बदलली. पण किती मोठ्याने, हा प्रश्न घरातल्या सगळ्यांनी मिळून सोडवायचा असतो, तो यंत्रावर टाकून भागत नाही.