डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह

डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह (संक्षेप: डीएसएनआय) ही अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बोस्टन शहरात कार्यरत असलेली रहिवाशांची ना-नफा संस्था आहे. रॉक्सबरी आणि उत्तर डॉर्चेस्टर या भागांत पसरलेल्या डडली मार्गालगतच्या वस्तीची स्वच्छता, सुरक्षितता आणि पुनर्बांधणी यांसाठी १९८४ साली सुरू झालेल्या प्रयत्नांतून ती उभी राहिली. वस्तीच्या पुनर्विकासाचा आराखडा रहिवाशांनी स्वतः तयार करून घ्यावा, महानगर प्रशासनाने तो मान्य करावा आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी खाजगी मालकीची पडीक जमीन सक्तीने संपादन करण्याचा अधिकारही रहिवाशांच्याच संस्थेला मिळावा, असे अमेरिकेत प्रथम येथे घडले. त्यामुळे नगरनियोजनाच्या अभ्यासात या संस्थेचा उल्लेख वारंवार येतो.

परिसर आणि ऱ्हास

डडली मार्गाचा परिसर बोस्टनच्या मध्यवर्ती व्यापारी भागापासून सुमारे तीन किलोमीटरवर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथे आयरिश, इटालियन आणि इतर युरोपीय वंशाच्या कामगार कुटुंबांची वस्ती होती. त्यानंतर आफ्रिकन-अमेरिकन, पोर्तो रिको व डॉमिनिकन प्रजासत्ताक येथून आलेली स्पॅनिशभाषक आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडील केप व्हर्दे बेटांवरून आलेली पोर्तुगीज क्रिओलभाषक कुटुंबे येथे स्थायिक झाली.

वस्तीची रचना बदलली तशी बँकांनी या भागाकडे पाठ फिरवली. घरदुरुस्तीसाठी कर्ज मिळेना, विम्याचे हप्ते परवडेनात, भाड्याने दिलेल्या इमारतींची डागडुजी करण्यात मालकांना स्वारस्य उरले नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत येथील शेकडो लाकडी घरे आगीत भस्मसात झाली. त्यांपैकी अनेक आगी अपघाती नव्हत्या. विकली न जाणारी इमारत जाळून विम्याची रक्कम वसूल करणे काही मालकांना फायद्याचे ठरत होते. जळालेली घरे महापालिकेने पाडली. त्यांच्या जागी नवे काहीच उभे राहिले नाही. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी या परिसरात सुमारे १,३०० भूखंड रिकामे पडले होते.

रिकाम्या भूखंडांचा उपयोग मग इतरांनी केला. शहरातील आणि उपनगरांतील ठेकेदार रात्री मालमोटारी घेऊन येत आणि बांधकामाचा राडारोडा, नासके मांस, जुने शीतकपाट, भंगार मोटारी येथे टाकून जात. कचरा एका वाहनातून दुसऱ्या वाहनात भरण्याची बेकायदेशीर केंद्रेही येथे चालत होती. दुर्गंधी आणि उंदीर यांचा त्रास तर होताच. शिवाय जळालेल्या घरांच्या जुन्या रंगातील शिसे मातीत मिसळले होते आणि मुले त्याच मातीत खेळत होती. पडक्या इमारती, बेवारस मोटारी आणि दिवे नसलेले मोकळे भूखंड यांच्या आडोशाने अमली पदार्थांचा व्यापार चाले. येथील असुरक्षिततेची कारणे गुन्हेगारीत जितकी होती तितकीच जमिनीच्या अवस्थेतही होती. संस्थेचे पुढील काम याच जाणिवेतून आकाराला आले.

स्थापना आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

१९८४ मध्ये मेबल लुईझ रायली फाउंडेशन या बोस्टनमधील धर्मादाय निधीच्या विश्वस्तांनी ला अलियान्झा हिस्पाना या स्थानिक संस्थेच्या कामाच्या निमित्ताने परिसराला भेट दिली. एखाद्या इमारतीच्या दुरुस्तीपुरते अनुदान देऊन भागणार नाही, हे त्यांच्या लक्षात आले. परिसरातील सेवाभावी संस्थांच्या प्रतिनिधींची एक सल्लागार समिती बनली आणि तिने नव्या संघटनेची घटना तयार केली.

१९८५ च्या फेब्रुवारी महिन्यात ही घटना रहिवाशांच्या सभेपुढे मांडण्यात आली. सुमारे दोनशे लोक जमले होते. नियोजित मंडळात रहिवाशांसाठी मोजक्याच जागा ठेवल्या असून उरलेल्या संस्थांना व अधिकाऱ्यांना दिल्या आहेत, हे पाहून सभेत नाराजी पसरली. व्यासपीठावर बसलेल्यांपैकी या वस्तीत राहणारे किती जण आहेत, असा प्रश्न विचारला गेला आणि त्याला समाधानकारक उत्तर नव्हते. आयोजकांनी घटना मागे घेतली. हा प्रसंग संस्थेच्या इतिहासात निर्णायक ठरला, कारण निधी देणाऱ्यांनी अशा वेळी काढता पाय घेणे अशक्य नव्हते. रायली फाउंडेशनने तसे केले नाही, उलट मदत चालू ठेवली.

सुधारित घटनेनुसार संचालक मंडळात रहिवाशांचे बहुमत असते. आफ्रिकन-अमेरिकन, केप व्हर्दीय, लॅटिनो आणि श्वेतवर्णीय या चारही समाजांना, त्यांची लोकसंख्या कितीही असो, समान किमान जागा दिल्या जातात. उरलेल्या जागा सेवाभावी संस्था, धर्मसंस्था, व्यापारी आणि गृहनिर्माण संस्था यांच्यासाठी असतात. पुढे युवकांसाठीही जागा राखण्यात आल्या. लोकसंख्येच्या प्रमाणात जागा न देता समसमान दिल्याबद्दल प्रारंभी काहींना आश्चर्य वाटले, पण त्यामुळे कोणत्याही एका समाजाला मंडळ ताब्यात घेता आले नाही. सभांचे कामकाज इंग्रजी, स्पॅनिश आणि केप व्हर्दीय क्रिओल या तीन भाषांत अनुवादित करण्याची प्रथाही याच धोरणातून आली.

कचराविरोधी मोहीम आणि सुरक्षितता

पूर्णवेळ कार्यकर्ते नेमले गेल्यावर पीटर मेडॉफ हे संस्थेचे पहिले कार्यकारी संचालक झाले. रहिवाशांनी प्रथम घरांची मागणी केली असती तर ती पुरी होण्यास वर्षे लागली असती. घरोघरी केलेल्या विचारपुशीत लोकांनी सर्वांत आधी सांगितली ती कचऱ्याची तक्रार. १९८६ मध्ये ‘आमच्यावर कचरा टाकू नका’ या अर्थाच्या घोषवाक्याने मोहीम सुरू झाली. रहिवाशांनी रिकामे भूखंड झाडून साफ केले, कचरा टाकणाऱ्या वाहनांवर लक्ष ठेवले, महापालिकेच्या अधिकाऱ्यांना सभांना बोलावून जाब विचारला. महापौर रेमंड फ्लिन यांच्या प्रशासनाने अखेर बेकायदेशीर कचरा केंद्रांना टाळे ठोकले आणि बेवारस मोटारी उचलून नेल्या.

या यशाचे महत्त्व साफ झालेल्या भूखंडांपुरते नव्हते. महापालिका आपले ऐकत नाही, अशी ज्यांची वीस वर्षांची खात्री झाली होती, त्यांना संघटित मागणीचा परिणाम प्रत्यक्ष दिसला. त्यानंतर रस्त्यांवरील दिवे, वाहतूक, मैदानांची देखभाल असे विषय हाती घेण्यात आले. अमली पदार्थांच्या व्यापारामुळे मुलांना बंद झालेले मेरी हॅनन उद्यान पोलिसी कारवाईवर विसंबून न राहता खेळ, छंदवर्ग आणि नियमित वावर यांच्या साहाय्याने पुन्हा वापरात आणण्यात आले. या कामात परिसरातील तरुण मुलेमुली पुढे होती. माणसांची सतत ये-जा हीच राखण, असा विचार त्यामागे होता.

रहिवाशांचा आराखडा

१९८७ मध्ये संस्थेने बाहेरील सल्लागारांच्या मदतीने, परंतु रहिवाशांच्या सभांमधून, सर्वंकष पुनरुज्जीवन आराखडा तयार केला. सल्लागारांची निवडही रहिवाशांनीच केली होती. ‘नागरी खेडे’ ही आराखड्याची मध्यवर्ती कल्पना होती: परवडणारी घरे, चालत जाता येतील अशी दुकाने, मध्यभागी सार्वजनिक चौक, बागा आणि मुलांसाठी जागा. बोस्टन महापालिकेने त्याच वर्षी हा आराखडा स्वीकारला.

त्या काळातील वातावरण लक्षात घेतल्यास ही गोष्ट साधी नव्हती. बोस्टनमध्ये जमिनीचे भाव वेगाने वाढत होते आणि रॉक्सबरीत मोठी व्यापारी संकुले उभारण्याच्या योजनांची चर्चा होती. १९८६ मध्ये रॉक्सबरी व लगतचा भाग बोस्टनपासून वेगळा करून ‘मंडेला’ नावाचे स्वतंत्र शहर स्थापावे, या प्रस्तावावर मतदानही झाले. प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला गेला, पण या भागातील असंतोष महापालिकेला दुर्लक्षिता येण्याजोगा राहिला नाही.

भूसंपादनाचा अधिकार

आराखड्याच्या केंद्रस्थानी ‘डडली त्रिकोण’ म्हणून ओळखला जाणारा सुमारे ६० एकरांचा भाग होता. त्यातील जवळजवळ निम्मी जमीन रिकामी होती. या रिकाम्या जमिनीपैकी साधारण १५ एकर महापालिकेच्या आणि तितकीच खाजगी मालकीची होती. अडचण अशी की ही मालकी सोंगट्यांच्या पटाप्रमाणे विखुरलेली होती: एक भूखंड महापालिकेचा, शेजारचा करथकबाकीदाराचा, त्यापलीकडचा ठावठिकाणा नसलेल्या मालकाचा. सलग जागा मिळाल्याशिवाय घरे बांधणे शक्य नव्हते.

सार्वजनिक कामासाठी नुकसानभरपाई देऊन खाजगी जमीन ताब्यात घेण्याचा शासनाचा अधिकार अमेरिकेत ‘एमिनंट डोमेन’ या नावाने ओळखला जातो. आपल्याकडील भूसंपादन कायद्यामागे हेच तत्त्व आहे. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यातील प्रकरण १२१-अ अन्वये नागरी पुनर्विकासासाठी स्थापन झालेल्या खाजगी कंपन्यांनाही हा अधिकार देता येतो. मोठ्या विकासकांच्या सोयीसाठी असलेल्या या तरतुदीखालीच बोस्टनचे प्रुडेन्शियल सेंटर हे गगनचुंबी संकुल उभे राहिले होते. डीएसएनआयने डडली नेबर्स इन्कॉर्पोरेटेड ही उपसंस्था स्थापून तोच अधिकार स्वतःसाठी मागितला. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये बोस्टन पुनर्विकास प्राधिकरणाने तो मंजूर केला. अधिकार केवळ रिकाम्या जमिनीपुरता होता. कोणाचेही राहते घर त्याखाली घेता येत नव्हते. त्या वेळी संस्थेचे संचालक गस न्यूपोर्ट हे होते. ते पूर्वी कॅलिफोर्नियातील बर्कली शहराचे महापौर होते.

हा अधिकार मागावा की नाही, यावर वस्तीत बरीच चर्चा झाली, आणि ती होणे स्वाभाविकच होते. याच अधिकाराच्या बळावर १९५८ ते १९६० या काळात बोस्टनची वेस्ट एंड ही कामगारवस्ती जमीनदोस्त करून हजारो रहिवाशांना बाहेर काढण्यात आले होते. ज्या शस्त्राने वस्त्या उठवल्या गेल्या, तेच वस्ती टिकवण्यासाठी वापरता येते, हे डडलीतील लोकांना आधी एकमेकांना पटवून द्यावे लागले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये केलो विरुद्ध न्यू लंडन या खटल्यात खाजगी विकासासाठी राहती घरे संपादन करणे वैध ठरवले, तेव्हा उसळलेल्या वादात डडलीचे वेगळेपण अधिकच उठून दिसले.

मंजुरीनंतर काम लगेच सुरू झाले नाही. त्या सुमारास आलेल्या आर्थिक मंदीने बांधकामक्षेत्र थंडावले. भरपाईसाठी लागणारे २० लाख डॉलरचे कर्ज फोर्ड फाउंडेशनने दिले आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात पहिली नवी घरे उभी राहिली.

सामुदायिक भूमी न्यास

संपादित जमीन विकली जात नाही. ती डडली नेबर्स या न्यासाच्या मालकीची राहते. घर घेणारे कुटुंब इमारतीचे मालक असते, मात्र जमीन त्याला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. घर पुढे विकताना किंमत ठराविक मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. त्यामुळे नंतर येणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबालाही ते परवडते.

या पद्धतीचे मूळ शोधताना मराठी वाचकाला परिचित अशा नावाशी पोहोचावे लागते. अमेरिकेतील सामुदायिक भूमी न्यासांचा प्रारंभ १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यातील न्यू कम्युनिटीज या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या संस्थेपासून मानला जातो. तिच्या प्रवर्तकांपुढे असलेल्या आदर्शांत रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे जन्मलेल्या आणि पवनार येथे आश्रम स्थापणाऱ्या विनोबा भावे यांची ग्रामदान चळवळ होती. भूदानात मिळालेली जमीन व्यक्तीच्या नावे होत असे. ग्रामदानात तिची मालकी गावाकडे जाई आणि कसण्याचा हक्क कुटुंबाकडे राही. मालकी समाजाची आणि उपभोग कुटुंबाचा, ही विभागणी डडलीच्या भाडेपट्ट्यातही तशीच दिसते, फक्त शेताच्या जागी घर आले आहे.

न्यासाकडे आता ३० एकरांहून अधिक जमीन असून तिच्यावर २२५ परवडणारी घरे, शहरी शेती, उद्याने आणि सुमारे १०,००० चौरस फुटांचे हरितगृह आहे. मूळ १,३०० रिकाम्या भूखंडांपैकी निम्म्याहून अधिक पुन्हा उपयोगात आले आहेत. २००८ च्या गृहकर्ज संकटात बोस्टनच्या अल्प उत्पन्न वस्त्यांमधील अनेक घरांवर जप्ती आली, न्यासाची घरे मात्र त्यातून जवळजवळ सुखरूप राहिली.

मर्यादा आणि टीका

न्यासाच्या घराची किंमत बाजारभावाने वाढत नसल्यामुळे त्यातून कुटुंबाची संपत्ती फारशी वाढत नाही, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप आहे. पिढ्यान्‌पिढ्या मालमत्तेपासून दूर ठेवलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या बाबतीत हा आक्षेप सहज बाजूला सारता येत नाही. न्यासाबाहेरच्या घरांना वाढत्या भाड्यांपासून संरक्षण नाही. परिसर स्वच्छ आणि सुरक्षित झाल्यामुळेच तेथील भाव वाढले, हा पेच संस्थेपुढे कायम आहे. धर्मादाय निधींवरील अवलंबित्वही पूर्णपणे सुटलेले नाही. भूसंपादनाचा अधिकार दुसऱ्या कोणत्याही वस्तीला सहजासहजी मिळाला नाही, त्यामुळे हा प्रयोग अनुकरणीय असला तरी कितपत अनुकरणसुलभ आहे, याविषयी मतभेद आहेत.

नेतृत्व

किशोरवयात संस्थेच्या कामात आलेले केप व्हर्दीय वंशाचे जॉन बारोस पुढे तिचे कार्यकारी संचालक झाले. २०१३ मध्ये त्यांनी बोस्टनच्या महापौरपदाची निवडणूक लढवली. तीत ते पराभूत झाले, परंतु नव्या महापौरांनी त्यांना शहराच्या आर्थिक विकास विभागाचे प्रमुख नेमले.

नाव

डडली हे नाव मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीचे गव्हर्नर टॉमस डडली यांच्यावरून आले. त्यांच्या काळात वसाहतीत गुलामगिरीला कायदेशीर मान्यता मिळाल्याने रहिवाशांनी मुख्य चौकाचे नाव बदलण्याची मागणी केली. डिसेंबर २०१९ मध्ये डडली चौकाचे ‘न्युबियन चौक’ असे नामकरण झाले.

ग्रंथ आणि माहितीपट

पीटर मेडॉफ आणि हॉली स्क्लार यांचे ‘स्ट्रीट्स ऑफ होप’ (१९९४) हे संस्थेच्या पहिल्या दशकाचा तपशीलवार इतिहास सांगणारे पुस्तक आहे. मेडॉफ यांचे त्याच वर्षी निधन झाले. मार्क लिपमन आणि लिया महान यांनी ‘होल्डिंग ग्राउंड’ (१९९६) आणि ‘गेनिंग ग्राउंड’ (२०१३) हे दोन माहितीपट तयार केले आहेत. दुसऱ्यात गृहकर्ज संकटाच्या काळातील वस्तीचे चित्रण आहे.