लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर : दुसऱ्या वर्षापासूनची काळजी

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेत जठराची क्षमता कमी केली जाते. स्लीव्ह पद्धतीत जठराचा मोठा भाग काढून टाकतात, तर बायपासमध्ये जठराची लहान पिशवी तयार करून ती लहान आतड्याला जोडतात. भूक मंदावते आणि पहिल्या वर्षात वजन झपाट्याने उतरते. हा वेग पुढे टिकत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार रुग्णांची वीस वर्षांपर्यंत पाहणी करण्यात आली. दोन वर्षांनंतर वजनातील सरासरी घट २३ टक्के होती, दहा वर्षांनंतर ती १७ टक्के राहिली. त्यामुळे थोडे वजन परत येणे हे अपयश नव्हे. त्यात शरीरधर्माचाही वाटा असतो. मात्र रुग्णाच्या हाती असतात त्या सवयी, आणि त्या लावून घेण्यास पहिले वर्षच सर्वांत अनुकूल असते.

नागपूरचे नितीन गडकरी भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, सप्टेंबर २०११ मध्ये, मुंबईत त्यांच्यावर अशी शस्त्रक्रिया झाली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैन येथील कार्यक्रमात त्यांनी आपले वजन पूर्वी १३५ किलो होते व आता ९३ किलो असल्याचे सांगितले. दहा वर्षांनंतरचा आकडा पहिल्या सहा महिन्यांच्या आकड्यापेक्षा अधिक बोलका असतो.

शस्त्रक्रिया रुग्णालयात होते, सवयी मात्र घरच्या स्वयंपाकघरात लागतात. रायपूरमधील समता कॉलोनी किंवा चौबे कॉलोनीतील एखाद्या मराठी घराचा विचार करावा. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, अधूनमधून छत्तीसगडी चीला, फरा आणि उन्हाळ्यात बोरे-बासी. यांतील बहुतेक पदार्थ तांदळाचे आहेत. शस्त्रक्रियेनंतर एका वेळी जेमतेम वाटीभर अन्न मावते. ती वाटी भाताने भरली तर प्रथिनांना जागाच उरत नाही.

रुग्णाला दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. वाटीभर घट्ट वरणातून सुमारे सहा ग्रॅम, एका अंड्यातून तेवढीच, पाव लिटर दुधातून आठ आणि शंभर ग्रॅम पनीरमधून अठरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. शाकाहारी घरात हा हिशेब केवळ वरणावर जुळत नाही. म्हणून तांदळाच्या पिठाच्या चील्याऐवजी मुगाच्या डाळीचे धिरडे, भाताआधी पनीर, दही किंवा सोयाबीन असा क्रम ठेवावा. घास लहान घ्यावा, सावकाश चावावा आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबावे. ताटात टाकू नये हा संस्कार येथे आड येतो. अशा वेळी मुळातच कमी वाढून घेणे हा सोपा मार्ग आहे.

जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये; दिवसभरात मात्र घोट घोट करून दीड लिटर तरी पोटात जावे. जिलेबी, श्रीखंड, शीतपेये यांतील साखर, विशेषतः बायपासनंतर, आतड्यात वेगाने उतरते. त्यामुळे घाम, धडधड, जुलाब व गळाल्यासारखे वाटणे असा त्रास होऊ शकतो. त्रास न होणाऱ्यांना धोका वेगळाच. गोड आणि मऊ पदार्थ लहान जठरातूनही सहज सरकतात व वजन नकळत वाढते.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या वजन उतरल्यावर बंद करण्याची चूक अनेकांकडून होते. ब-१२, ड, लोह आणि कॅल्शियम यांची गरज आयुष्यभर राहते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये दोन तासांचे अंतर असावे आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. उलट्या थांबत नसतील तर ती तातडीची बाब समजावी. अशा रुग्णात ब-१ जीवनसत्त्व वेगाने घटते. दृष्टी दुहेरी होणे, तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे असून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ग्लुकोजचे सलाइन लावण्यापूर्वी ब-१ चे इंजेक्शन देणे आवश्यक असल्याने, शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी.

बायपासनंतर आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके स्वतःहून घेऊ नयेत, त्यामुळे व्रण होण्याची भीती असते. मद्य रक्तात लवकर चढते आणि अमेरिकेतील पाहणीनुसार मद्याच्या अतिवापराचे प्रमाण दुसऱ्या वर्षी वाढलेले दिसते. महिलांनी किमान वर्ष ते दीड वर्ष गर्भधारणा टाळावी, असा सल्ला दिला जातो. मधुमेह व रक्तदाबाची औषधे वजनाबरोबर बदलावी लागतात; ती परस्पर बंद करू नयेत.

चालणे सर्वांना जमते. रायपूरच्या मे महिन्यात ते पहाटेच उरकावे, अन्यथा उन्हाचे कारण होऊन महिनाभर खंड पडतो. स्नायू टिकवण्यासाठी आठवड्यातून दोनदा हलकी वजने उचलण्याचा व्यायामही करावा.

पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी रक्ततपासणी अपेक्षित असते. शस्त्रक्रिया सुमारे ३०० किलोमीटरवरील नागपुरात किंवा मुंबईत झाली असेल, तर या फेऱ्या प्रथम चुकतात. अशा रुग्णाने शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख व औषधांची यादी असलेला कागद गावातील डॉक्टरांकडे देऊन ठेवावा आणि वार्षिक तपासणी तेथेच करून अहवाल शल्यचिकित्सकाकडे पाठवावा.