मोहन जोशींचे छप्पर

दर पावसाळ्याआधी कल्याण-डोंबिवलीत जुन्या इमारतींना ‘धोकादायक’ म्हणून नोटिसा लागतात. माझ्या वर्गातली काही मुले अशाच घरांतून येतात. नोटीस दिसली की मला सईद अख्तर मिर्झा यांचा ‘मोहन जोशी हाजिर हो!’ (१९८४) हा सिनेमा आठवतो.

गोष्ट साधी आहे. मुंबईतल्या मोडकळीला आलेल्या इमारतीत राहणारे म्हातारे जोडपे दुरुस्तीसाठी घरमालकावर दावा लावते. जोशी झालेत भीष्म साहनी, ‘तमस’ लिहिणारे. पत्नी दीना पाठक. वकील नसीरुद्दीन शाह आणि सतीश शाह. तारखांवर तारखा पडतात, वकिलांचे खिसे भरतात, जोशी कफल्लक होतात. आपण पोट धरून हसत राहतो. अखेर न्यायाधीश पाहणीला येतात, तर मालकाने तात्पुरते टेकू लावून ठेवलेले! जोशी तेच टेकू पाडतात आणि घर त्यांच्याच अंगावर कोसळते. आपले हसू तिथे थांबते.

मिर्झांनी पुढे ‘सलीम लंगडे पे मत रो’ (१९८९) आणि ‘नसीम’ (१९९५) हे मुस्लिम घरांचे सिनेमे काढले. पण त्याआधी जोशींचे दुखणेही त्यांनी आपलेच मानले होते. मुस्लिम कलावंताने फक्त मुस्लिमांविषयीच बोलावे असे मानणाऱ्यांनी, आपल्यातल्यांनीसुद्धा, हे लक्षात ठेवावे.

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बेकायदा इमारत कोसळून ७४ जण गेले. त्यांत मजूर होते, त्यांची लेकरे होती. जोशींना निदान कोर्टाची पायरी तरी चढता आली. यांना तेवढीही सवड मिळाली नाही.