एका देशाची पदवी, दुसऱ्या देशाचे दार

आमगाव किंवा तिरोड्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातला बारावीचा एखादा विद्यार्थी हल्ली सहज विचारून जातो, "सर, आपल्या बोर्डाची बारावी विलायतेत चालते का?" हा प्रश्न फक्त आपल्याकडच्या मुलांनाच पडतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्या अमेरिकन मुलांनाही तो पडतो. बहुतेक ब्रिटिश विद्यापीठे अमेरिकेतल्या शालान्त प्रमाणपत्रावर भागवून घेत नाहीत. त्याच्या जोडीला 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाच्या विषयवार परीक्षांचे गुण मागतात. कारण साधे आहे. इंग्लंडमधला मुलगा शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत तीन-चारच विषय घेतो आणि ते खोलवर शिकतो. अमेरिकन मुलगा बारावीपर्यंत अनेक विषय शिकत राहतो आणि एका विषयात शिरतो तो महाविद्यालयात गेल्यावर. म्हणून तिथली पहिली पदवी चार वर्षांची आणि इंग्लंडची तीन वर्षांची. दोन्ही मुले हुशार असली तरी त्यांचे शिक्षण एकाच मापाने मोजता येत नाही.

हे मापाचे भांडण जुने आहे. सेसिल ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रानुसार सुरू झालेल्या शिष्यवृत्तीवर अमेरिकन विद्यार्थ्यांची पहिली तुकडी 1904 साली ऑक्सफर्डला गेली. त्याआधी त्यांना ऑक्सफर्डच्या प्रवेश परीक्षेच्या धर्तीवर घेतलेली एक पात्रता परीक्षा द्यावी लागे. तीत लॅटिन होते, गणित होते आणि ग्रीकही होते. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांत तोवर ग्रीक ऐच्छिक झाले होते, त्यामुळे रसायनशास्त्रात चमकलेला मुलगाही ग्रीक व्याकरणापाशी अडकून पडे. ऑक्सफर्डने ही ग्रीकची अट 1920 साली काढली. विज्ञान शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही अट आज हास्यास्पद वाटेल. पण प्रवेशाची अट बऱ्याचदा पुढच्या अभ्यासासाठी काय लागेल हे विचारत नाही. आमच्यातला माणूस कसा असतो, एवढेच ती सांगत असते.

पदवीनंतरच्या अभ्यासाचे चित्र मात्र उलटे होते. तिथे अडचणीत होती ती ब्रिटिश विद्यापीठे. एकोणिसाव्या शतकात संशोधन करू इच्छिणारा अमेरिकन तरुण जर्मनीला जाई, कारण तिथे डॉक्टरेट मिळे. पुढे अमेरिकेने स्वतःच ती पद्धत उचलली. येल विद्यापीठाने 1861 साली पीएच.डी. दिली आणि 1876 साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा पायाच संशोधन हा होता. इंग्लंडमध्ये मात्र अशी पदवीच नव्हती. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे दार बंद झाले, तेव्हा हे अमेरिकन विद्यार्थी आपल्याकडे का येऊ नयेत, असा विचार तिथे जोर धरू लागला. ऑक्सफर्डने 1917 साली आणि केंब्रिजने 1919 साली ही पदवी सुरू केली. आज आपण जिला इंग्रजी परंपरा समजतो ती पीएच.डी. इंग्लंडमध्ये आली, ती बऱ्याच अंशी परदेशी विद्यार्थ्यांना हवी होती म्हणून.

नेमक्या या संधिकाळात अमेरिकेतल्या विद्यापीठाचा एक विद्यार्थी लंडनच्या दारात उभा होता. तो अमेरिकन नव्हता, मराठी होता. भीमराव रामजी आंबेडकर.

त्यांच्या कागदपत्रांचा क्रम पाहण्यासारखा आहे. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक 1907 साली. संस्कृत घेऊ दिले नाही म्हणून दुसरी भाषा पर्शियन. मग एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. तिथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांत अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6 होते, शिवाय तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्रही होते. 1915 साली एम.ए. झाले. त्यानंतर डॉक्टरेटचा प्रबंध लिहून 1916 साली ते लंडनला आले.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही लंडन विद्यापीठाची घटक संस्था. कोलंबियाचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी तिथल्या प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना जून 1916 मध्ये शिफारसपत्र लिहिले होते. फॉक्सवेल यांनी नोव्हेंबरमध्ये संस्थेच्या सचिवांना जे कळवले ते मजेशीर आहे. या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच मिळवली आहे, आता इथे त्यांनी जिंकावे असे काही उरलेले नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे अडचण पात्रता कमी पडण्याची नव्हती, जास्त होण्याची होती!

आणि गंमत अशी की, फॉक्सवेल समजत होते ती डॉक्टरेट रीतसर मिळालेलीच नव्हती. प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल केल्याशिवाय कोलंबिया विद्यापीठ पदवी प्रदान करत नसे. छपाईला पैसे लागतात आणि विद्यार्थ्याजवळ ते नव्हते. म्हणजे एका टोकाला पूर्ण झालेले काम होते आणि दुसऱ्या टोकाला हातात नसलेला कागद.

आंबेडकरांनी वाद घातल्याचे दिसत नाही. त्यांनी सरळ खालच्या पायरीवर, पदव्युत्तर पदवीसाठी नाव नोंदवले आणि दहा पौंड दहा शिलिंग फी भरली. हॅलफर्ड मॅकिंडर यांच्याकडे भूगोल आणि हॉबहाउस यांच्याकडे समाजशास्त्र असे वर्ग धरले. शिवाय बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्येही नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली परतावे लागले, पण संस्थेने चार वर्षांपर्यंतची रजा मंजूर केली होती. ही रजा मला फार महत्त्वाची वाटते. प्रवेशाच्या अटींची चर्चा सगळे करतात. मधेच खंड पडलेल्या विद्यार्थ्याला परत येऊ देणारा नियम मात्र क्वचितच कुणाच्या लक्षात राहतो, आणि गरीब विद्यार्थ्याचे शिक्षण अनेकदा त्यावरच टिकते.

मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून, थोडी मदत घेऊन ते 1920 साली परत गेले. फी एका गिनीने वाढून अकरा पौंड अकरा शिलिंग झाली होती. एम.एस्सी. 1921 साली मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध मात्र पहिल्या रूपात मान्य झाला नाही. 1923 साली भारतात परतल्यावर त्यांनी तो दुरुस्त केला, ऑगस्टमध्ये पुन्हा सादर केला आणि नोव्हेंबरमध्ये तो स्वीकारला गेला. त्याच वर्षी तो पुस्तकरूपाने निघाला, मार्गदर्शक एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह. एका देशाचे चलन दुसऱ्या देशात कोणत्या भावाने चालावे, हा त्या पुस्तकाचा विषय. लेखकाच्या पदव्यांवर तोच प्रसंग आधी गुदरला होता, हा योगायोग आहे. पण वर्गात चलनविनिमय शिकवताना सांगायला हरकत नाही.

त्या काळी आपल्या गोंदियाचा कुणी पदवीधर लंडनला गेला असता तर? गोंदिया तेव्हा मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. नागपूरची महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती, नागपूर विद्यापीठ 1923 साली निघाले. त्याच्या कागदावर नागपूरचे नाव नसते, अलाहाबादचे असते. देशातल्या विद्यापीठांनी एकमेकांच्या पदव्या मानाव्यात आणि परदेशातही त्या मानल्या जाव्यात म्हणून 1925 साली इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड स्थापन झाले. त्याचेच पुढे भारतीय विद्यापीठ संघ असे नामांतर झाले. परदेशी पदवी घेऊन परतणाऱ्याला समकक्षतेचा दाखला अनेक वर्षे तिथूनच मिळवावा लागे.

बाबासाहेब याच भागात 1954 साली आले होते, भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीचे उमेदवार म्हणून. ती निवडणूक ते हरले. तोवर कोलंबियाचा तो कागद त्यांच्या हाती येऊन बराच काळ लोटला होता. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचे त्यांचे पुस्तक 1925 साली छापून निघाले, त्याच्या प्रती न्यूयॉर्कला गेल्या आणि विद्यापीठाने पीएच.डी. रीतसर दिली ती 1927 साली. लंडनची डी.एस्सी. तिच्या चार वर्षे आधीच हातात पडली होती.