संगणकीय वही : सेल व कळफलक-स्थिती

संगणकीय वही : आज्ञावली, तिची निष्पत्ती व तिचे स्पष्टीकरण ही तिन्ही ज्यात एकत्र ठेवता येतात आणि ज्यातील आज्ञावली वाचता वाचता प्रत्यक्ष चालविता येते, असा संगणकीय दस्तऐवज. या दस्तऐवजाचे लहान स्वतंत्र कप्पे पाडलेले असतात; त्यांना ‘सेल’ म्हणतात. काही सेलमध्ये आज्ञावली, तर काहींमध्ये गद्य मजकूर व गणिती सूत्रे असतात. आज्ञावलीचा सेल चालविला की संख्या, कोष्टक, आलेख इ. स्वरूपातील निष्पत्ती त्याच्याखाली उमटते. गणना मात्र वहीत होत नसून पाठीमागे चालणाऱ्या ‘कर्नेल’ या स्वतंत्र प्रक्रियेत होते आणि चलांची मूल्ये कर्नेलच्या स्मृतीत राहतात.

इतिहास : सेलांनी बनलेली वही प्रथम ठळकपणे पुढे आली, ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅथेमॅटिका’ या गणिती प्रणालीत. तिच्या वहीची रचना थिओडोर ग्रे यांनी केली. पुढे २००१ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकीचे संशोधन करीत असताना फेर्नांदो पेरेझ यांनी पायथन भाषेसाठी ‘आयपायथन’ हे संवादी साधन तयार केले. डिसेंबर २०११ मध्ये त्याच्या ०·१२ या आवृत्तीत न्याहाळकात (ब्राउझरमध्ये) चालणारी वही आली. २०१४ मध्ये या कार्यातून ‘जुपिटर’ प्रकल्प उभा राहिला. ज्युलिया, पायथन व आर या तीन भाषांच्या नावांवरून हे नाव बनविलेले आहे. या प्रकल्पाला २०१७ सालचा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

कळफलकाच्या स्थिती : कळफलकावरील कळ अक्षर उमटविण्यासाठी आहे की आज्ञा देण्यासाठी, हा प्रश्न वहीपेक्षा जुना आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास रचलेल्या ‘व्हीआय’ या संपादकाने दोन स्थिती मानल्या : एकीत कळा मजकूर लिहितात, दुसरीत त्याच कळा आज्ञा देतात. एस्केप कळ दाबली की लेखन थांबून आज्ञा-स्थिती येते. यामुळे बोटे कळफलकावरून न हलविता कामे झपाट्याने होतात. परंतु आपण कोणत्या स्थितीत आहोत हे वापरणाऱ्याला लक्षात ठेवावे लागते. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील ‘ब्राव्हो’ या संपादकाविषयी एक प्रसिद्ध किस्सा सांगितला जातो. आज्ञा-स्थितीत असताना चुकून ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकला, तर ‘ई’ने सर्व मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने लेखन सुरू होई आणि पानावर एकटे ‘टी’ अक्षर उरे. त्याच केंद्रातील लॅरी टेस्लर यांनी अशा स्थितींना आयुष्यभर विरोध केला. टिम मॉट यांच्यासह त्यांनी केलेला ‘जिप्सी’ संपादक स्थितिरहित होता. पुढे सर्वसामान्य वापराच्या संपादकांत टेस्लर यांचाच विचार रूढ झाला.

वहीत मात्र स्थिती परतल्या. सेलमधील अक्षरांवर काम करणे आणि सेल हलविणे, पुसणे वा नवा घालणे ही कामे दोन पातळ्यांवरची आहेत. शिवाय कंट्रोल कळेसह होणाऱ्या अनेक जोड्या न्याहाळकाने आधीच राखून ठेवलेल्या असतात. प्रारंभी कंट्रोल व ‘एम’ दाबून मग आज्ञेचे अक्षर दाबावे लागे. एप्रिल २०१४ मध्ये आयपायथनच्या २·० या आवृत्तीने ‘संपादन’ व ‘आज्ञा’ अशा दोन स्थिती आणल्या. एंटरने संपादन-स्थिती व एस्केपने आज्ञा-स्थिती येते. आज्ञा-स्थितीत ‘ए’ने वर व ‘बी’ने खाली नवा सेल येतो, ‘एम’ने सेल मजकुराचा व ‘वाय’ने आज्ञावलीचा होतो, ‘डी’ दोनदा दाबल्यास सेल पुसला जातो व ‘झेड’ने तो परत मिळतो. शिफ्ट व एंटर या कळा एकत्र दाबल्यास दोन्ही स्थितींत सेल चालतो. घोटाळा टाळण्यासाठी संपादन-स्थितीतील सेलभोवती हिरवी व आज्ञा-स्थितीतील सेलभोवती करडी चौकट दाखविण्यात आली.

मर्यादा : कळफलकाची स्थिती चौकटीच्या रंगाने डोळ्यांना दिसते; कर्नेलची स्थिती तशी दिसत नाही. सेल कोणत्याही क्रमाने चालविता येतात आणि सेल पुसला, तरी त्याने निर्माण केलेले चल स्मृतीत टिकून राहते. त्यामुळे पडद्यावरील निष्पत्ती पडद्यावरील आज्ञावलीचीच असेल, असे नाही. सेलच्या डावीकडील कंसातला अनुक्रमांक चालविण्याचा क्रम सांगतो, एवढीच त्याविषयीची खूण असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गिटहब या संकेतस्थळावरील सु. १४ लाख वह्या अभ्यासण्यात आल्या. त्यांपैकी पुन्हा चालविण्याजोग्या वह्यांचे ८,६३,८७८ प्रयत्न केले असता २४·११ टक्के त्रुटीविना चालले आणि ४·०३ टक्क्यांतच मूळ निष्पत्ती पुन्हा मिळाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुरुत्वीय तरंगांचा शोध जाहीर करताना लायगो प्रकल्पाने आपली आधारसामग्री व विश्लेषणाची वही सर्वांना खुली केली होती. ज्या साधनाने शास्त्रीय निष्कर्ष कोणालाही पडताळता यावा अशी अपेक्षा आहे, त्यातच पडताळणी हुकावी हा त्याचा मुख्य दोष होय. यावरील उपाय साधा आहे : वही दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी कर्नेल नव्याने सुरू करून सर्व सेल वरून खाली क्रमाने चालवावेत. आज्ञा-स्थितीत शून्याची कळ दोनदा दाबली की कर्नेल पुन्हा सुरू करता येतो. त्यानंतर जी निष्पत्ती उमटते, तीच त्या वहीची खरी निष्पत्ती समजावी.