न्यूट्रॉनची साक्ष

मी राहतो त्या भाईंदरच्या खारी परिसराला मिठागरं नवी नाहीत. समुद्राचं पाणी आटवून मीठ काढायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. ऑगस्ट १९५५मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना होमी भाभांनी त्याच पाण्यात इंधन पाहिलं. समुद्रातल्या हायड्रोजनच्या सुमारे ६,४०० अणूंमागे एक ड्यूटेरियमचा असतो. ड्यूटेरियमच्या संमीलनाची ऊर्जा दोन दशकांत काबूत येईल, असं भाकीत त्यांनी केलं.

ते खरं ठरलं नाही. मला मात्र वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : संमीलन झालं, हे ओळखायचं कसं? मोठा साक्षीदार न्यूट्रॉन. त्याला विद्युतभार नाही, म्हणून आधी पॅराफिन मेणात त्याचा वेग कमी करायचा. मग बोरॉन ट्रायफ्लोराइड वायूच्या नळीत बोरॉन त्याला गिळतो, अल्फा कण सुटतो आणि विजेचा ठोका नोंदला जातो.

पण ठोका म्हणजे पुरावा नव्हे. १९५८च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या हार्वेलच्या ‘झीटा’ यंत्रातले न्यूट्रॉन संमीलनाचे म्हणून जाहीर झाले. पुढे वेगवेगळ्या दिशांना त्यांची ऊर्जा मोजली, तेव्हा ती सारखी भरली नाही. ते तापलेल्या वायूतून आलेले नव्हते. मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला.

मार्च १९८९मध्ये अमेरिकेतल्या युटातून ‘शीत संमीलना’ची बातमी आली आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही प्रयोग सुरू झाले. तेव्हा पी. के. अय्यंगार संचालक होते. दमट हवेत उच्च दाबाच्या जोडण्यांतून गळती होऊन अशा नळ्या खोटे ठोके देऊ शकतात. म्हणून वेगळ्या तत्त्वावर चालणारे प्लास्टिकचे प्रस्फुरक शोधकही सोबत ठेवले. नेहमीच्या संमीलनात न्यूट्रॉन आणि ट्रिटियम जवळपास सारखे निघतात. केंद्राच्या अहवालात ट्रिटियम न्यूट्रॉनच्या सुमारे दहा कोटी पट होतं.

हे नवं भौतिकशास्त्र, की मापनातली गफलत? जगातल्या बहुतेक शास्त्रज्ञांनी शीत संमीलन नाकारलं. तरीही अडचणीत आणणारं ते गुणोत्तर केंद्रानं छापलं, याचं मोल मला मोठं वाटतं. आकडा लपवला असता, तर वाद घालायलाही काही उरलं नसतं.

त्याच वर्षी गांधीनगरला ‘आदित्य’ टोकामॅक सुरू झाला. आज फ्रान्समधल्या ‘इटर’साठी हायड्रोजनचा निदान-झोत पुरवण्याची जबाबदारी भारताकडे आहे, संमीलनातून उरणारी हेलियमची ‘राख’ मोजायला तो लागणार आहे. भट्टी पेटवणाऱ्यांची नावं इतिहास लिहितो. ती खरंच पेटली का, हे सांगणाऱ्यांचीही लिहायला हवीत.